हॅरोच्या फ्लॅटचं लीज ८२ वर्षांवर आलंय, आत्ता वाढवावं की नव्या कायद्यासाठी थांबावं?

मृण्मयी_हॅरो

नमस्कार मंडळी, इथे यूकेतले बरेच जण आहेत म्हणून विचारतेय, कोणी लीज एक्स्टेंशन केलं असेल तर प्लीज जरा सविस्तर सांगा.

आमचा हॅरोला दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, २०१९ ला घेतला, माझ्या आणि नवऱ्याच्या दोघांच्या नावावर. तेव्हा लीज ८९ वर्षं शिल्लक आहे असं कळलं होतं आणि तो आकडा कोणालाच खटकला नाही, ना बँकेला ना सॉलिसिटरला. आता मॉर्गेजचा फिक्स रेट संपतोय म्हणून ब्रोकरला फोन केला तर त्याचा पगाराच्या आधी पहिला प्रश्न हाच, लीज किती राहिलंय? मी म्हटलं ८२, तर म्हणाला ८० च्या आत जायच्या आधी काय ते करून टाका नाहीतर महागात पडेल. इतकंच बोलून त्याने फोन ठेवला.

त्यात मागच्या आठवड्यात फ्रीहोल्डरच्या, म्हणजे जमीन-बिल्डिंगच्या मूळ मालकाच्या, एजंटचं पत्र आलंय. म्हणे तुमचं लीज आम्ही वाढवून १२५ वर्षांचं करून देतो, १४,००० पाउंड द्या, ग्राउंड रेंट (मालकाला दर वर्षी द्यायचं जमिनीचं भाडं) आत्ताच्या लीजमध्ये आहे तसंच चालू राहील, दोन्ही बाजूंच्या वकिलाचा खर्च तुमचा, आणि ऑफर २८ दिवसच. पत्र एकदम गोड भाषेत आहे, 'तुमच्या सोयीसाठी' वगैरे.

नवऱ्याचं म्हणणं की नवीन कायदा आलाय, ९९० वर्षं मिळणार आहेत आणि स्वस्तात, मग आत्ता कशाला पैसे घालवायचे, थांबू. माझा भाऊ क्रॉयडनला असतो तो म्हणतो ऑफर घेऊन मोकळी हो, कटकट नको. मला दोघांचंही अर्धं अर्धं पटतंय म्हणून झोप उडालीये. ही १४,००० ची ऑफर बरी आहे का, थांबण्यात अर्थ आहे का, आणि हे सगळं करायला किती वेळ जातो एवढं कोणी सांगेल का. फ्लॅटची किंमत आत्ता ३,४०,००० च्या आसपास असेल, खालच्या मजल्यावरचा तसाच फ्लॅट तेवढ्याला गेला.

केदार_रेडिंग

सही करू नका. बाकी सगळं नंतर.

आधी एक काम करा, ते ८२ कुठून आलं ते बघा. लीज ज्या दिवशी सही झालं ती तारीख वेगळी आणि ज्या दिवसापासून वर्षं मोजायची ती तारीख वेगळी असते. नवीन बिल्डिंगमध्ये बिल्डर सगळ्या फ्लॅटना एकच सुरुवातीची तारीख टाकतो आणि शेवटचे फ्लॅट वर्ष-दीड वर्षाने विकले जातात. लँड रजिस्ट्रीच्या साइटवर जाऊन टायटल रजिस्टर काढा, ७ पाउंड लागतात, त्यात लीजची डेट आणि टर्म अशा दोन वेगळ्या ओळी असतील. टर्मची ओळ वाचा आणि इथे टाका, सोबत ग्राउंड रेंट किती आहे आणि कधी कधी वाढतं तेही टाका. त्याशिवाय १४,००० बरे की वाईट हे सांगता येत नाही.

अभ्या_वाशीकर

मी तुमच्या मिस्टरांच्या बाजूने. २०२४ चा लीजहोल्ड अँड फ्रीहोल्ड रिफॉर्म ॲक्ट पास झालाय, त्यात ९९० वर्षं आहेत, मॅरेज व्हॅल्यू (लीज कमी उरलं की मालकाला द्यावे लागणारे जादा पैसे) काढून टाकलीये, फ्रीहोल्डरच्या वकिलाचे पैसे आपण भरायचे तेही बंद. फ्रीहोल्डर मंडळी हायकोर्टात गेली होती ती ऑक्टोबर २०२५ मध्ये हरली. मग आत्ता जुन्या कायद्याने पैसे देणं म्हणजे सेलच्या आदल्या दिवशी खरेदी. मी पण थांबलोय, माझं ७१ राहिलंय.

वाशीला आईबाबांचा फ्लॅट सिडकोच्या ६० वर्षांच्या लीजच्या जमिनीवर आहे, तिथे पण सगळी सोसायटी हेच म्हणते की सरकार काहीतरी करेल, आणि घाई करणाऱ्याचेच पैसे जातात हा अनुभव आहे.

जुना_भाडेकरू

अभ्या, सिडको म्हणजे सरकारी मालक, तिथे मोर्चा काढता येतो, मंत्र्याला निवेदन देता येतं. इथे मालक कोण तर जर्सी नाहीतर गर्न्सी बेटावर रजिस्टर झालेली कंपनी, जिचा धंदाच तुमचं लीज कमी होत जाण्यावर चालतो. निवेदन कोणाला देणार.

पत्रातली २८ दिवसांची मुदत मात्र बघून हसू आलं, आमच्या बिल्डिंगला दर वर्षी एक असं पत्र येतं, दर वर्षी शेवटची संधी. कायद्याने मिळणारा हक्क २८ दिवसांत कुठे पळून जात नाही, १९९३ पासून आहे तो.

मृण्मयी_हॅरो

केदार, थँक्यू, काढलं रजिस्टर. आणि धक्काच बसला. लीजची डेट २००९ ची आहे पण टर्मच्या ओळीत लिहिलंय ९९ वर्षं, २४ जून २००८ पासून. म्हणजे ८२ नाहीच, ८१ आणि थोडे महिने. म्हणजे पुढच्या वर्षी जूनमध्ये ८० ची रेघ!! बरोबर ना?

ग्राउंड रेंट पहिली ३३ वर्षं १५० पाउंड, पुढची ३३ वर्षं ३००, शेवटची ३३ वर्षं ४५०. सध्या १५० भरतो.

केदार_रेडिंग

बरोबर. २४ जून २०२७ च्या आत नोटिस गेली पाहिजे, त्यातही शेवटच्या आठवड्यात नाही.

आता आकडे बघू. कायद्याने वाढवलं तर आत्ताच्या ८१ वर ९० मिळतात म्हणजे १७१, आणि ग्राउंड रेंट त्या दिवसापासून शून्य. त्याच्या बदल्यात फ्रीहोल्डरला दोन गोष्टींची भरपाई द्यायची, एक म्हणजे त्याचं ग्राउंड रेंट बुडतं ते आणि दुसरी म्हणजे २१०७ साली फ्लॅट त्याच्या ताब्यात जाणार होता तो आता आणखी ९० वर्षं लांबणार. दुसऱ्याचा हिशोब असा की फ्लॅटची आजची किंमत ३,४०,००० घ्यायची आणि वर्षाला ५ टक्क्याने ८१ वर्षं मागे आणायची. हा ५ टक्के दर स्पोर्टेली नावाच्या केसमध्ये २००६ साली ट्रिब्युनलने ठरवून दिला, ती केस वर हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेली पण फ्लॅटसाठी सगळे अजून तोच धरतात. त्याने येतात साधारण ६,५००. ग्राउंड रेंटचे पुढचे सगळे हप्ते आजच्या पैशात आणले, समजा साडेसहा टक्क्याने, तर साधारण ३,३००. बेरीज पावणेदहा हजारच्या आसपास.

आता हेच ७९ वर्षं राहिलेली असताना करा. वरची दोन मिळून साधारण १०,६०० होतात, तिथे फार फरक नाही. पण ८० किंवा त्याच्या खाली गेलं की मॅरेज व्हॅल्यू लागते. म्हणजे लीज वाढल्याने फ्लॅटची किंमत जेवढी वाढेल त्यातून वरची भरपाई वजा करून जे उरेल त्यातला अर्धा वाटा फ्रीहोल्डरचा. आता ७९ वर्षांच्या लीजवाला फ्लॅट लांब लीजवाल्याच्या किती टक्के किमतीला जातो यावर सगळी मारामारी होते, तुमचा सर्व्हेअर म्हणणार ९५, त्यांचा म्हणणार ९०. ९५ धरले तर वर ३,२०० लागतात, ९० धरले तर जवळपास ११,७००. म्हणजे एकूण १४ हजारापासून २२ हजारापर्यंत कुठेही. फ्लॅट तोच, फ्रीहोल्डर तोच.

आता तुमची ऑफर बघा. १४,००० घेऊन तो तुम्हाला ४४ च वर्षं वाढवून देतोय, ९० नाही. आणि २१०७ पर्यंतचं ग्राउंड रेंट चालूच, ते ३०० आणि ४५० होणारं सुद्धा. २०२२ च्या ग्राउंड रेंट कायद्यामुळे वाढीव वर्षांवर तो रेंट लावू शकत नाही आणि जुन्या वर्षांचं वाढवूही शकत नाही म्हणून 'आहे तसंच राहील' असं उपकार केल्यासारखं लिहिलंय. पावणेदहात १७१ वर्षं आणि शून्य रेंट मिळत असताना चौदात १२५ आणि रेंट चालू. यात सोय नेमकी कोणाची?

अभ्या_वाशीकर

आकडे मान्य पण नवीन कायद्यात मॅरेज व्हॅल्यूच नाहीये ना, मग ८० ची रेघ ओलांडली तरी काय फरक पडतो? थांबलं तर उलट ९९० मिळतील.

केदार_रेडिंग

कायदा पास झाला मे २०२४ मध्ये पण त्यातला एक्स्टेंशनच्या पैशांचा भाग अजून लागू झालेला नाही. लागू काय झालं तर दोन वर्षं मालकी असल्याशिवाय नोटिस देता येत नाही ही अट गेली, जानेवारी २०२५ अखेर. आणखी एक-दोन गोष्टी झाल्या. बाकीच्यासाठी सरकारने दर ठरवायचेत, नियम आणायचेत.

आणि अभ्या, तुझी आणि मृण्मयीची केस एक नाहीये हे लक्षात घे. तुझं ७१ आहे, तुला मॅरेज व्हॅल्यू आजच लागते, ती रद्द झाली तर तुझे खरंच बरेच पैसे वाचतील, त्यामुळे तुला लगेच विकायचं नसेल तर थांबण्यात पॉइंट आहे. तिचं ८१ आहे, तिला ती लागतच नाही, जी लागत नाही ती रद्द होऊन तिचं काय वाचणार? तिला मिळतील फक्त जास्तीची वर्षं आणि फ्रीहोल्डरच्या वकिलाचा खर्च वाचेल. १७१ आणि ९९० यात विकताना काही फरक पडत नाही, घेणारा दोन्हीला हो म्हणतो.

उलट तिला एक रिस्क आहे जी कोणी बोलत नाही. नवीन कायद्यात तो ५ टक्क्यांचा दर सरकार ठरवणार. दर जितका कमी तितके पैसे जास्त. ५ च्या जागी साडेचार ठरवला तर वरचा ६,५०० चा आकडा साडेनऊ हजार होतो. ८० च्या वर असणाऱ्यांना तो कायदा स्वस्तच पडेल अशी गॅरंटी नाहीये. आणि जून २०२७ पर्यंत तो लागू झाला नाही तर ती जुन्याच कायद्यात, पण रेघेच्या खाली.

सायली७

मी कन्व्हेयन्सिंगच्या (घर खरेदी-विक्रीची कागदपत्रं करणाऱ्या) फर्ममध्ये काम करते (सॉलिसिटर नाही, फाइली मीच सांभाळते) त्यामुळे हे सगळं रोज बघते, पण शेवटी तुमची कागदपत्रं बघूनच कोणीतरी सांगायला हवं. केदारचं म्हणणं बरोबर आहे, मी प्रोसेस सांगते कारण तुम्ही वेळ किती लागतो विचारलंय.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे १९९३ च्या कायद्याच्या सेक्शन ४२ ची नोटिस ज्या दिवशी फ्रीहोल्डरला दिली त्या दिवसाचा हिशोब धरतात. नोटिस गेली की घड्याळ थांबलं. मग पुढे भांडण वर्षभर चाललं आणि तोपर्यंत लीज ८० च्या खाली गेलं तरी मॅरेज व्हॅल्यू लागत नाही. म्हणून जूनच्या आत सगळं पूर्ण करायची घाई नाही, नोटिस जायची घाई आहे.

नोटिसच्या आधी व्हॅल्युएशन करून घ्यायचं, लीज एक्स्टेंशनचं काम करणाऱ्या सर्व्हेअरकडून, घर घेताना सर्व्हे करतो तसला नको. नोटिसमध्ये तुमचा आकडा लिहावा लागतो, तो कमी असला तर चालतो पण खरा वाटण्यासारखा पाहिजे, सेंट्रल लंडनच्या एका केसमध्ये लीजवाल्याने १०० पाउंड लिहिले होते तर कोर्टाने नोटिसच बाद केली. त्यात फ्रीहोल्डरला उत्तर द्यायला कमीत कमी दोन महिन्यांची मुदत द्यायची. तो १० टक्के डिपॉझिट मागू शकतो (किंवा २५० पाउंड, जे जास्त असेल ते), आणि मागतोच. मग त्याचा सर्व्हेअर येऊन फ्लॅट बघून जाईल आणि काउंटर नोटिस, म्हणजे त्याच्या आकड्यासकट उत्तर, येईल.

काउंटर नोटिस आली की तारीख फ्रिजवर चिकटवून ठेवा. तिथून दोन महिन्यांनंतर आणि सहा महिन्यांच्या आत, आकडा ठरला नसेल तर फर्स्ट टियर ट्रिब्युनलला (असे वाद सोडवणारं न्यायाधिकरण) अर्ज गेलाच पाहिजे. नाही गेला तर नोटिस मागे घेतली असं धरतात, पुढचे १२ महिने नवीन देता येत नाही आणि फ्रीहोल्डरचा तोपर्यंतचा खर्च तुमच्या डोक्यावर. तुमच्या केसमध्ये तर तोपर्यंत रेघ गेलेली असेल. 'बोलणी चालू आहेत' यावर विसंबून ही तारीख उलटलेल्या फाइली मी बघितल्यात. ट्रिब्युनलला अर्ज केला म्हणजे केस चालतेच असं नाही, बहुतेक आधीच ठरतं, पण अर्ज पाहिजे.

आणि फ्रीहोल्डरने उत्तरच दिलं नाही तर कोर्टात जाऊन तुम्ही लिहिलेल्या आकड्यावरच मिळू शकतं, म्हणून ते लोक उत्तर देतातच, निश्चिंत राहा.

जुना_भाडेकरू

काउंटर नोटिसमधला आकडा बघून हबकू नका. तो तुळशीबागेतला पहिला भाव असतो. मला माझ्या सर्व्हेअरच्या आकड्याच्या दुप्पट लिहून आला होता, बायको म्हणाली विकून टाका फ्लॅट. मग दोघा सर्व्हेअरची आपापसात ईमेलवर चर्चा झाली, बराच काळ काहीच नाही, ट्रिब्युनलची तारीख लागली आणि तारखेच्या आधीच्या आठवड्यात तडकाफडकी मिटलं, माझ्या आकड्याच्या जवळ. ती लोकं तारखेपर्यंत ताणतातच, त्यांचं काय जातंय.

खर्चाचं कोणी लिहिलं नाही म्हणून सांगतो, प्रीमियम (लीज वाढवायचे फ्रीहोल्डरला द्यायचे पैसे) वेगळा आणि खर्च वेगळा. तुमचा सॉलिसिटर, तुमचा सर्व्हेअर, आणि त्यांचाही सॉलिसिटर आणि सर्व्हेअर, कारण आत्ताच्या कायद्यात त्यांचा 'वाजवी' खर्च आपणच भरायचा. सगळ्यावर २० टक्के व्हॅट. चार-पाच हजार बाजूला ठेवा. त्यांच्या सर्व्हेअरच्या भांडणाचा आणि ट्रिब्युनलचा खर्च मात्र आपण भरायचा नसतो, बिल आलं की ओळ न ओळ वाचा. माझ्या बिलात 'पत्रव्यवहार' म्हणून एक मोठी रक्कम होती, कसला पत्रव्यवहार विचारल्यावर ती गायब झाली.

केतकी_ईलिंग

अजून एक ऑप्शन, तुमच्या बिल्डिंगमध्ये किती फ्लॅट आहेत? सगळ्यांचं लीज २४ जून २००८ पासूनच असणार म्हणजे सगळेच एकाच बोटीत. निम्म्या फ्लॅटवाल्यांनी मिळून फ्रीहोल्डच विकत घेता येतं, मग स्वतःच स्वतःला ९९९ वर्षांचं लीज द्या. आम्ही सहा जणांनी घेतलं, मॅनेजिंग एजंटपण बदलला, सर्व्हिस चार्ज खाली आला. पण आमची छोटी बिल्डिंग होती आणि सगळे तिथेच राहणारे.

मृण्मयी_हॅरो

आमच्याकडे ३० च्या वर फ्लॅट आहेत आणि निम्म्याच्या वर भाड्याने दिलेत, मालक कोण कुठे काही पत्ता नाही. बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी लीजचं टाकलं तर दोन थम्सअप आले आणि खाली लगेच बिनरिसायकलचा कचरा कोणी टाकला यावर भांडण सुरू झालं :D त्यामुळे फ्रीहोल्डचं मनात असलं तरी जूनपर्यंत जमेल असं वाटत नाही.

आधी आपलं लीज वाढवलं आणि नंतर फ्रीहोल्ड घ्यायचं ठरलं तर चालतं का? आणि मधेच विकायचं ठरवलं तर? नवऱ्याच्या ऑफिसचं काही सांगता येत नाही, मिल्टन कीन्सला जावं लागेल कदाचित.

सायली७

चालतं की. आधी स्वतःचं वाढवलंत तर नंतर फ्रीहोल्डमध्ये सामील होताना तुमच्या वाट्याला थोडेच येतील, कारण तुमच्या फ्लॅटचे तुम्ही आधीच दिलेत.

विकायचं असेल तर नोटिस फ्लॅट घेणाऱ्याच्या नावावर करता येते, म्हणजे तुम्ही सुरू केलेलं काम तो पुढे नेतो आणि किंमत तुमच्याच तारखेची धरली जाते. फक्त ते विक्रीच्या सोबतच झालं पाहिजे, फ्लॅट आधी आणि नोटिस नंतर असं केलं की नोटिस मेली. हे घेणाऱ्याच्या सॉलिसिटरला पहिल्याच दिवशी सांगा, शेवटच्या दिवशी आठवण करून द्यायला लागू नये.

मॉर्गेजचं टेन्शन घेऊ नका, कायद्याने वाढवलेल्या लीजवर आत्ताचं मॉर्गेज आपोआप जातं, बँकेला फक्त कळवायचं असतं. प्रीमियमसाठी पैसे हवे असतील तर रिमॉर्गेज करतानाच थोडे जास्त उचलता येतात का ते ब्रोकरला विचारा, ते सोपं पडतं.

आणि नोटिस कोणाला द्यायची ते नीट बघा. ग्राउंड रेंटचं बिल मॅनेजिंग एजंट पाठवतो म्हणून लोक त्यालाच मालक समजतात. तुमच्या बिल्डिंगचं फ्रीहोल्ड टायटल वेगळं काढा, तेही ७ पाउंड. मधे एखादी हेडलीजवाली (फ्रीहोल्डरकडून बिल्डिंग लीजवर घेतलेली) कंपनी असेल तर नोटिस नक्की कोणाच्या नावाने हे सॉलिसिटर ठरवेल, पण आत्ताच कळलेलं बरं, पुढच्या मे महिन्यात नको.

अभ्या_वाशीकर

बरं ठीक, ८० च्या वरवाल्यांना थांबून फायदा नाही हे पटलं, माझ्या डोक्यात सगळ्यांना एकच नियम होता. पण मी माझ्या ७१ वर ठाम आहे हां.

एक शंका, समजा मृण्मयीने नोटिस दिली आणि मधेच नवीन कायदा भारी दराने लागू झाला तर? अडकली ना ती?

केदार_रेडिंग

मागे घेता येते. फ्रीहोल्डरचा तोपर्यंतचा खर्च द्यायचा आणि १२ महिने थांबायचं. नवीन कायदा इतका स्वस्त निघाला की तो खर्च भरूनही परवडतंय, तर घ्यायची मागे. नोटिस देऊन तिच्या हातात दोन्ही रस्ते राहतात, न देता फक्त एक राहतो आणि तो सरकारच्या टाइमटेबलवर.

तू ७१ वर ठाम राहा पण ७० ला आलास की रिमॉर्गेजला किती बँका तुला उभं करतात ते आत्ताच ब्रोकरला विचारून ठेव. बऱ्याच बँकांना टर्म संपताना अमुक वर्षं शिल्लक लागतात, तिथे मॅरेज व्हॅल्यूचा संबंध नसतो.

मृण्मयी_हॅरो

नवऱ्याला पूर्ण धागा वाचायला लावला. तो आता म्हणतोय मी आधीपासून हेच म्हणत होतो, असो. एजंटला एक ओळीचं ईमेल केलं की ऑफर नको, आम्ही सेक्शन ४२ ने जाणार आहोत. अर्ध्या दिवसात फोन, की १४,००० चे ११,५०० करतो आणि ग्राउंड रेंट पण शून्य!! आता सांगा.

आणि दुसरं म्हणजे नवरा सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी पुढच्या महिन्यात पुण्याला जातोय, तीन महिने तरी तिकडेच. सर्व्हेअर त्याच्या आधी येऊन जाईल पण नोटिस तयार होईपर्यंत तो गेलेला असेल. दोघांच्या नावावर फ्लॅट म्हणजे दोघांची सही लागेल ना? पुण्याहून कुरिअरने कागद मागवायचे का?

जुना_भाडेकरू

अर्ध्या दिवसात अडीच हजार उतरले यावरूनच ओळखा. किती वर्षं वाढवतोय ते सांगितलं का फोनवर? १२५ च असेल तर अजून महागच आहे. आणि फोनवरचं काही धरू नका, ईमेलवर मागा. तोपर्यंत सर्व्हेअरला येऊ द्या, त्याचा आकडा हातात असल्याशिवाय हो पण नको नाही पण नको. बोलणी बाजूने चालू ठेवा, नोटिस आपली निघू दे.

सायली७

कुरिअर नको. पूर्वी प्रत्येक मालकाला नोटिसवर स्वतःच सही करावी लागायची आणि परदेशात असलेल्यांचे फार हाल व्हायचे, २०१४ मध्ये कायदा बदलला, आता इंग्लंडमध्ये सॉलिसिटर तुमच्या दोघांच्या वतीने सही करू शकतो. फक्त त्याला तसा अधिकार दोघांनीही लेखी दिलेला पाहिजे, मिस्टर जायच्या आधीच सॉलिसिटर नक्की करून ते पत्र आणि दोघांच्या पासपोर्टची ओळखपडताळणी उरकून घ्या, ती पडताळणी पुण्यात बसून करायला गेलात तर वैताग येईल. नवीन लीजवर शेवटी सही लागेल ती वेगळी, पण तोपर्यंत ते परत आलेले असतील.

सासूबाईंना बरं वाटू दे.